पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

(अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वनहक्कांच्या दाव्यांसंबंधी बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले आहे आणि मी आरंभ मात्र अमेरिकेतील जर्मन शेतकऱ्यांपासून करणार आहे. याचे आपणांस थोडे नवल वाटेल. परंतु आपल्यापुढील प्रश्न ‘तीन पिढ्या सिद्ध करा’ असा आहे. पिढ्यांचा माग काढणे जगात जिथे सोपे झाले, तिथे ते का सोपे झाले हे पाहिले, म्हणजे आपल्याकडे ते कोणासाठी कठीण आहे आणि का, हे लवकर ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लक्षावधी जर्मन माणसे अमेरिकेत गेली. काही १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर राजकीय कारणांनी गेली. बहुसंख्य गेली ती पोटासाठी. नैर्ऋत्य जर्मनीत बापाची जमीन सर्व मुलांत वाटण्याची रीत होती आणि काही पिढ्यांतच शेतांचे इतके तुकडे झाले की एका तुकड्यावर कुटुंब जगणे अशक्य झाले. (हे ऐकताना आपल्यापैकी कित्येकांना स्वतःचे घर आठवले असेल.) विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा, नेब्रास्का या प्रांतांत ही माणसे शेतकरी म्हणून स्थिरावली. आज त्यांच्यातल्या एखाद्या घरच्या मुलीने आपल्या खापरपणजोबाचा शोध घ्यायचे ठरवले, तर तिला काय काय सापडते पाहा. तो ज्या जहाजाने आला त्याची उतारूंची यादी सापडते. १८५० पासून अमेरिकेच्या जनगणनेत घरातील प्रत्येक माणसाचे नाव लिहिले जाऊ लागले, ती सापडते. १८९० ची बहुतेक पत्रके तेवढी १९२१ च्या आगीत नष्ट झाली. जमीन कार्यालयातील त्याच्या दाव्याची फाईल सापडते. आणि समुद्रापलीकडच्या मूळ खेड्यातील चर्चची बाप्तिस्म्याची वही अनेक ठिकाणी सतराव्या शतकापर्यंत मागे जाते, तीत आईचे माहेरचे नावही बहुधा असते. आपल्याकडे जनगणनेतील व्यक्तीची माहिती कायद्याने गोपनीय आहे. ‘१९३१ च्या मोजणीत माझ्या आजोबांचे नाव दाखवा’ असे म्हणण्याची सोयच नाही.

आता त्या जमीन कार्यालयातील फाईलकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. २० मे १८६२ रोजी लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. त्यानुसार कुटुंबप्रमुखास अथवा एकवीस वर्षांवरील कोणाही व्यक्तीस १६० एकर, म्हणजे सुमारे ६५ हेक्टर, सरकारी जमिनीवर दावा सांगता येई. दावेदार परदेशी असला तरी चाले. नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला म्हणजे झाले. त्याने तेथे पाच वर्षे राहावे, जमीन कसावी आणि अखेरीस दोन विश्वासार्ह साक्षीदार उभे करून ते सिद्ध करावे. पाच वर्षांची वस्ती आणि दोघांचा शब्द, एवढ्यावर काल बोटीतून उतरलेला माणूस ६५ हेक्टरांचा मालक होत असे.

या कायद्याची स्तुती करण्याचा माझा हेतू नाही, कारण ती जमीन मोकळी नव्हती. मिनेसोटातील न्यू उल्म हे गाव १८५४ च्या सुमारास जर्मनांनी वसवले. त्यांत ‘टर्नर’ संघटनेची स्वतंत्र विचारांची, धर्मसत्तेला न जुमानणारी मंडळी पुष्कळ होती. आपल्या शिबिरात ती सहज रमली असती. त्याच मुलखातून डकोटा लोक करारांच्या नावाखाली हटवले गेले, ठरलेली रक्कम वेळेवर पोचली नाही, उपासमार झाली आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. न्यू उल्मवर हल्ले झाले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मॅनकाटो येथे ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. मते पुरोगामी असली म्हणून पायाखालची जमीन कोणाची हा प्रश्न सुटत नाही. आणि ज्या जनगणनेची मी आता वाखाणणी केली, तिच्या १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या पत्रकांत मालकाचे नाव आहे. गुलामांची केवळ वये, लिंग आणि वर्ण यांची नोंद आहे. त्यांच्या नातवंडांना वंशवृक्ष काढायचा तर बहुधा १८७० पाशी वाट संपते.

आता आपल्या झाडीपट्टीकडे वळू. आपल्या जिल्ह्यातही दूरदेशीहून आलेली शेतकरी कुळे आहेत. पोवार माळव्यातून, धारेकडून आले अशी परंपरा आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदले आहे की ते प्रथम रामटेकजवळ नगरधनला वसले, भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत लढले आणि त्याबद्दल त्यांना वैनगंगेच्या काठी जमिनी मिळाल्या. पुढे इंग्रजी अमलात ब्लूमफिल्ड नावाच्या अधिकाऱ्याने शेजारच्या बैहर पठारावर त्यांना मुद्दाम नेऊन वसवले. कोहळी हे तलाव बांधणारे. काशीकडून आल्याचे ते सांगतात. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, असा गोंड राजांचा शिरस्ता होता असे म्हणतात. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, ही आठवण आजही प्रत्येकाच्या तोंडी आहे. या सर्वांना जमीन मिळाली तेव्हा त्यांना ‘इथे तुमच्या किती पिढ्या झाल्या?’ असे कोणी विचारले नाही. राज्याला सारा हवा होता. जंगल तोडून धानाच्या बांध्या घालणारे हात हवे होते. बिस्मार्कच्या देशातून आलेल्या शेतकऱ्याला नेब्रास्काने ज्या कारणाने बोलावले, त्याच कारणाने भोसल्यांनी आणि इंग्रजांनी यांना बोलावले.

मी स्वतः अशाच एका पोवार घरात जन्मलो, म्हणून मला हे बोलण्याचा थोडा अधिकार आहे. आमच्याकडे भाट येत असे. छत्तीस कुळांपैकी आमचे कोणते, मूळ गाव कोणते, अमक्याचा पुत्र तमका, हे तो पोथीतून धडाधड वाचून दाखवी आणि धान घेऊन जाई. तीत माझ्या एकाही आत्याचे नाव नव्हते. भाटाने गाळलेले सरकारने भरून काढले असेही नाही. मालगुजारीच्या काळातील बंदोबस्त मिसल पाहा, १९५१ साली मालगुजारी गेल्यानंतरचे अधिकार अभिलेख पाहा, पी-१ खसरा पाहा. जमीन ज्याच्या नावे त्याचे नाव तीत आहे. सालगडी कोण होता, बांधी कोणी घातली, तलावाच्या पाळीवर माती कोणी टाकली, यांची नावे सापडत नाहीत. आज मुलींचा वाटा कायद्याने मान्य आहे, महाराष्ट्रात तर १९९४ पासून. पण तलाठ्याच्या फेरफारात बहिणीचे नाव बहुधा ‘हक्कसोड’ या शब्दाला जोडूनच येते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक हिशेब सांगतो. समजा, १८६० च्या दशकातील बंदोबस्तात एका कास्तकाराकडे ५४ एकर धानाची जमीन होती आणि प्रत्येक पिढीत तीन मुलगे झाले. मुलाकडे १८ एकर आली, नातवाकडे ६, पणतूकडे २. महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टर भरले. इलिनॉयमधील शेतकरी कुटुंबांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून सोन्या सॅलमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मन वंशाच्या कुटुंबांत जमीन घराण्याकडेच राहावी आणि एक तरी मूल तीवर टिकावे यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कशी आखणी केली जाते, हे त्यांनी दाखवले आहे. परंतु ही आखणी साधायला उरलेल्या भावंडांना जाण्यासाठी दुसरी जागा असावी लागते. त्यांना पश्चिमेकडे नवी जमीन मिळाली, शहरांत कारखाने मिळाले. आमच्याकडच्या धाकट्या पातीला काय मिळाले? विड्या वळणे, तेंदूपाने तोडणे, किंवा जंगलाच्या कडेला दोन बांध्या काढून ‘अतिक्रमणदार’ हे नाव घेणे. ज्यांच्याकडे मुळातच जमीन नव्हती, त्यांना तर याखेरीज दुसरा मार्गच नव्हता.

इथे आपण कायद्यापाशी येतो. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित जमातीच्या दावेदाराला, म्हणजे आपल्याकडील गोंड वा हलबा कुटुंबाला, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात होती एवढे दाखवायला सांगतो. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या दिवसापूर्वी तीन पिढ्या वनक्षेत्रात वास्तव्य आणि वनावर उपजीविका दाखवावी लागते. एक पिढी म्हणजे पंचवीस वर्षे, असे कायद्यानेच ठरवून टाकले आहे. १३ डिसेंबर २००५ मधून पंचाहत्तर वजा केले की १३ डिसेंबर १९३० उरतो. आणि मिळायचे किती? प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढेच, जास्तीत जास्त चार हेक्टर. होमस्टेडच्या पाच वर्षांशी आणि ६५ हेक्टरांशी हे ताडून पाहा.

१९३० हे सालही कसे निघाले पाहा! त्याच साली मध्य प्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रह झाला. पुसदला लोकनायक अणे यांनी सरकारी जंगलातील गवत कापून कायदा मोडला. सिवनी जिल्ह्यात टुरिया येथे गोळीबारात चार आदिवासी मारले गेले, त्यांत तीन स्त्रिया होत्या. जंगल आमचे आहे असे सांगून लोक ज्या वर्षी तुरुंगात गेले, त्या वर्षी आपण तिथे होतो हे त्यांच्या शेजारपाजाऱ्यांनी आता कागदाने दाखवायचे आहे.

नवेगाव बांधच्या परिसरातील ढीवर कुटुंबाचेच उदाहरण घ्या. तलाव बांधणाऱ्याचे नाव परंपरेने जपले. त्या तलावात मासे धरणारा, शिंगाडे लावणारा ढीवर भूमिहीन, म्हणून मिसलीत नाही. महाराष्ट्रात तो भटक्या जमातींच्या यादीत आहे, अनुसूचित जमातींत नाही, म्हणून पंचाहत्तर वर्षांची अट त्याला लागू. त्याच्या गावात तीनशे वर्षांची पाळ उभी असते आणि त्याच्याजवळ तीस वर्षांपूर्वीचा कागद नसतो. असे दावे ‘पुरावा नाही’ या दोन शब्दांत फेटाळले जातात. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना काढून टाकण्याचा आदेश दिला होता. १५ दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, तो स्थगित झाला. फेटाळणे म्हणजे काय होऊ शकते, याची कल्पना त्या १५ दिवसांत सर्वांना आली.

(आपल्याच तालुक्यात बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत, तिबेटी बांधवांची वसाहत १९७२ पासून आहे. त्यांची नातवंडे इथे जन्मली, इथली झाडीबोली बोलू लागली. परंतु पंचाहत्तर वर्षांच्या गणितात ती कधीच बसणार नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर वेगळेच बोलावे लागेल.)

कायद्याच्या नियमांत मात्र आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे आणि त्याकडे कार्यकर्त्यांचे लक्ष फारच कमी गेले आहे. नियम १३ मध्ये पुराव्यांची जी जंत्री आहे तीत वंशावळ आहे: जुन्या नोंदीत ज्याचे नाव आहे, किंवा जो पूर्वी गावचा रहिवासी म्हणून मानला जात होता, अशा व्यक्तीपर्यंत पोचणारी. विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या जुन्या खुणा आहेत. दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे लेखी घेतलेले जबाब आहेत. यांपैकी एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात, इतकेच. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर नियम १२-अ स्पष्ट सांगतो की उपविभागीय वा जिल्हा समितीला विशिष्ट कागदाचाच आग्रह धरता येणार नाही. शिवाय पंचाहत्तर वर्षे त्याच तुकड्याचा ताबा दाखवा, असे कायदा म्हणत नाही. तो वास्तव्य विचारतो. हा फरक ज्या समितीला समजत नसेल, तिला तो लेखी समजावून द्यावा लागेल.

भूमिहीनाचे नाव कुठे सापडेल, तेही सांगतो. कोतवाल पुस्तकात जन्ममृत्यूंच्या नोंदी असतात. ‘अमक्यास मुलगी झाली’ एवढीच ओळ असली तरी त्या बापाचे नाव, जात, गाव आणि तारीख हाती लागते. ज्या मुलीचे नावही कोणी लिहिले नाही, तिच्या जन्माची ओळ कधी कधी साऱ्या कुळाच्या उपयोगी पडते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रकात तलावातील पाणी, मासे, गवत, जळण यांवर गावातील कोणाकोणाचा कोणता हक्क चालत आला हे लिहिलेले असते. वंशावळ काढताना आईकडची बाजूही लिहा. सून ज्या गावाहून आली ते गावही बहुधा याच जंगलाच्या कडेचे असते.

सर्वांत निकडीचे काम जबाबांचे आहे. १९३० मध्ये ज्यांचा जन्म झाला, ती माणसे आज ९५ च्या घरात आहेत. जी उरली आहेत, ती गावागणिक एक-दोन असतील. त्यांना तारखा विचारू नका. तलावाची पाळ फुटली ते वर्ष, मालगुजार गेला तेव्हा गावात काय झाले, बाप कोणत्या नाक्यावर बेगारीला जाई, असे विचारा आणि त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. शुद्धलेखन करण्याच्या भरीस पडू नका. जबाब ग्रामसभेत वाचून दाखवा आणि वनहक्क समितीच्या सह्या घ्या. मिसल आणि कोतवाल पुस्तकाच्या नकलांसाठी तहसील कार्यालयात द्यावयाच्या अर्जांचे नमुने मी बरोबर आणले आहेत. जेवणानंतर ते आपण गावनिहाय वाटून घेऊ.