जमिनीची वाढलेली किंमत कोणाची?



वारूळवाडी आणि नारायणगाव ही पुणे-नाशिक रस्त्यावरील जोडगावे. मीना नदीवरील वडज धरणाने आणि एकंदर कुकडी प्रकल्पाने या भागातील जिरायत शेतीचे रूप पालटले. द्राक्षे व टोमॅटो यांनी नारायणगावच्या बाजाराला नाव मिळवून दिले. पण रस्त्यालगतच्या जमिनीचा भाव आता पिकावरून ठरत नाही. तो रस्त्यापासूनच्या अंतरावरून ठरतो. हा भाव कोण वाढवतो आणि वाढीचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, या प्रश्नाचा विचार भावनेने नव्हे, हिशेबाने केला पाहिजे.

स्थावर मालमत्ता वाढवत नेण्याची रीत साधी आहे. पन्नास लाखांचे घर घेणारा गुंतवणूकदार स्वतःचे दहा लाख घालतो. चाळीस लाख बँक देते. घराची किंमत साठ लाख झाली, की कर्ज वजा जाता त्याचा वाटा वीस लाखांचा होतो. किंमत वाढली वीस टक्क्यांनी, त्याचे भांडवल मात्र दुप्पट झाले. वाढलेल्या किमतीच्या तारणावर आणखी सात-आठ लाख उचलावेत, त्यात थोडी बचत घालावी आणि दुसरे घर घ्यावे. दुसऱ्याच्या आधारावर तिसरे. किंमत वीस टक्क्यांनी उतरली, तर मूळचे दहा लाख बुडतात, हेही तितकेच खरे. पण हा धोका विक्रेते क्वचितच बोलून दाखवतात.

या हिशेबातील एक गोष्ट सहसा झाकलेली राहते. आपल्याकडील शहरांत घरभाडे घराच्या किमतीच्या वर्षाला सुमारे दोन ते तीन टक्के मिळते. गृहकर्जाचे व्याज बहुधा आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास असते. पन्नास लाखांच्या घराचे भाडे तीन टक्क्यांनी दीड लाख, तर चाळीस लाखांचे व्याज साडेआठ टक्क्यांनी तीन लाख चाळीस हजार. म्हणजे भाड्याने व्याजही फिटत नाही. सारा नफा किंमत वाढण्यावर अवलंबून. ज्याला राहण्यासाठी घर हवे, त्याला ते महाग झाले, तरच ज्याला घराची गरज नाही त्याचा व्यवहार यशस्वी होतो.

परिणाम उघड आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी होती. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने या प्रश्नाकडे लक्ष वेधले तेव्हा रिकाम्या घरांच्या संख्येत महाराष्ट्र सर्व राज्यांत पुढे होता. त्याच शहरांत कामगार झोपडपट्टीत राहत होता. तरीही २०१९ च्या अर्थसंकल्पाने स्वतःच्या वापरातील दुसऱ्या घराच्या काल्पनिक भाड्यावरील आयकर काढून टाकला.

आता शेतकऱ्याकडे वळावे. त्याच्या पीककर्जाची मर्यादा जिल्हास्तरीय समितीने पिकागणिक ठरवलेल्या एकरी दराने ठरते. जमिनीचा बाजारभाव तेथे विचारात येत नाही. शेतकरी नसणाऱ्याने शेतजमीन घेण्यास १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाने निर्बंध घातले. परंतु जमीन बिनशेती होऊन तिचे भूखंड पडले, की त्याच मातीवर बाजारभावाने कर्ज मिळू लागते. माती तीच, कसणाऱ्याच्या हाती तिची पत थोडी, गुंतवणूकदाराच्या हाती मोठी. आणि कर्जाचा पैसा येतो कोठून? शिक्षक, नोकरदार आणि शेतकरी यांच्याच ठेवींतून.

१२ मे १८७५ रोजी याच जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. सावकार कर्ज देऊन जमीन मिळवी. पुढे १८७९ साली शेतकऱ्याला संरक्षण देणारा कायदा झाला. आज कर्ज काढून जमीन मिळवली जाते. येथे जुलूम दिसत नाही, खरेदीखत राजीखुशीने होते. मात्र मुलीचे लग्न, आजारपण किंवा कोसळलेला टोमॅटोचा भाव यांनी ती राजीखुशी घडवलेली असते.

१८७९ सालीच हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने मांडले, की जमिनीची वाढती किंमत समाजाची निर्मिती असते. त्याचा पुरावा पाहण्यास दूर जावयास नको. रस्ता आणि कालवा सार्वजनिक पैशाने झाले. कुकडी प्रकल्पातील डिंभे धरणाखाली मूळचे आंबेगाव बुडाले. तालुक्याला नाव तेवढे उरले. ज्यांची घरे आणि शेते पाण्याखाली गेली, त्यांना खालच्या बागायतीच्या वाढलेल्या भावात वाटा मिळाला नाही.

दुसरा मार्ग अशक्य नाही. हडपसर येथे मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भाग घेतले. जमीन विकून बाजूला होण्याऐवजी ती विकासाची भागीदार झाली. या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वाटा जमिनीच्या मालकांना मिळाला. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्या शेतमजुराला या हिशेबात जागा नव्हती.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. पहिल्या घराचे कर्ज स्वस्त असावे. तिसऱ्या-चौथ्या घराचे महाग. रिकाम्या घरावर कर असावा. सार्वजनिक कामामुळे वाढलेल्या किमतीचा ठराविक हिस्सा ग्रामपंचायतीकडे यावा आणि त्यातून भूमिहीनांच्या घरांची सोय व्हावी. गावाने एकत्र येऊन जमीन विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने देण्याचा पर्याय तपासावा. ठेवीदारांनी आपल्या बँकेच्या सर्वसाधारण सभेत विचारावे, की आपल्या पैशातून शेतीला किती कर्ज गेले आणि भूखंडांना किती.

एक एकर एकदाच विकता येते. त्या पैशात शहरात एखादे लहान घर येईल. पुढच्या पिढीची उपजीविका येणार नाही. ग्रामसभेने हा हिशेब खरेदीखत होण्यापूर्वी मांडला पाहिजे.