लॅपटॉप उशिरा सुरू होतोय?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेकांनी लॅपटॉपवर विंडोज ११ घेतलं. त्यानंतर लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर आधी बाहेरची हार्ड डिस्क काढून तो पुन्हा सुरू करा. फरक पडला, तर कारण सापडलं. सुरू होताना लॅपटॉप त्या डिस्कवरही विंडोज शोधत असतो. बायोसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात आतली डिस्क पहिली ठेवा. तरीही वेळ लागला, तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतले नको असलेले प्रोग्रॅम बंद करा.

आता बाहेरची डिस्क लॅपटॉपवर दिसतच नसेल, तर केबल आणि पोर्ट बदलून पाहा. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर वीज देतं, यूएसबी ३ देतं ९००. काही डिस्कना पहिली अपुरी पडते. मग डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे डिस्क असेल पण तिला ड्राइव्हचं अक्षर नसेल, तर ते द्या.

एक कळकळीची विनंती. डिस्क जोडल्यावर ‘फॉरमॅट करा’ असा संदेश आला, तर होकार देऊ नका. आधी आतले फोटो, कागदपत्रं वाचवायचा प्रयत्न करा. आणि महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत आजच वेगळ्या ठिकाणी ठेवा.