चित्रकारकाकांना पाठवलेली पेन्सिल

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त बेंगळुरूस्थित माजी विद्यार्थ्यांच्या एचएसआर लेआउट येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपण ज्या वसाहतीत जमलो आहोत तिच्या नावाविषयी माझ्या वडिलांचा बरीच वर्षे एक समज होता. एच. एस. आर. ही कुणा थोर कन्नड पुरुषाची आद्याक्षरे असावीत, असे ते धरून चालले होते. नाशिकहून प्रथम इथे आले तेव्हा त्यांनी विचारले, "त्यांचा पुतळा कोणत्या चौकात आहे?" होसूर-सरजापूर रोड एवढाच त्या अक्षरांचा विस्तार आहे, हे कळल्यावर ते हिरमुसले. तेव्हा गैरसमजांवर बालपणाचीच मक्तेदारी आहे असे कुणी मानू नये. परंतु आज मला बोलायचे आहे ते कार्टूनविषयीच्या आपल्या बालपणीच्या समजुतींवर. पुढे वीस वर्षे मी त्याच व्यवसायात काढली, म्हणून हा अधिकार मला मिळाला असावा.

१९९३ साली दूरदर्शनवर 'जंगल बुक' सुरू झाले तेव्हा मी तिसरीत होतो. रविवारी सकाळी आमच्या वाड्यातील दहा-बारा मुले एकाच टीव्हीसमोर मांडी ठोकून बसत. मोगली हा आपल्याच जिल्ह्यातला, पेठ-सुरगाण्याच्या पलीकडच्या रानातला, याविषयी आमच्यात मतभेद नव्हता. शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा आहे हे मोठ्यांच्या बोलण्यातून कानी आले, तेव्हा मात्र दोन तट पडले. एका गटाचे म्हणणे, नानांना वाघाचे कातडे पांघरून उभे करतात. दुसऱ्या गटाला हे पटेना. त्यांच्या मते नानांनी वाघाला शिकवले होते. वाघ मुळात चित्रातला आहे, हे आठवून देण्याची गरज दोन्ही पक्षांना वाटली नाही. ती मालिका जपानमध्ये तयार झाली होती आणि किपलिंगचे जंगल मध्य प्रदेशातील सिवनीचे, हे पुढे कळले तेव्हा सुरगाण्याचा दावा सोडताना जीवावर आले.

आमच्या वर्गातील एका मुलीला डोनाल्ड डकची फार दया येई. बिचाऱ्याला सदरा आहे, पण चड्डी नाही. दिवाळीतसुद्धा तोच सदरा! तिने आपल्या धाकट्या भावाची चड्डी त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. कार्टूनमधल्या बहुतेकांना हाताला चारच बोटे का असतात, यावर आमच्या बाकावरचा निष्कर्ष असा होता की ते फटाके हातात धरून उडवतात. खरे कारण कष्टाचे आहे. हजारो वेळा काढायच्या हातावरचे एक बोट कमी झाले की हजारो बोटे वाचतात. शिवाय त्या इवल्या पंजावर पाच बोटांची गर्दी वाईट दिसते. कपडे न बदलण्यामागेही तेच.

माझा स्वतःचा समज याहून गंभीर होता. दिल्लीत एक काका रविवारी पहाटे उठून चित्रे काढायला बसतात, आणि ते काढतात तसतसे आपल्याला दिसते, असे मी मानत असे. प्रक्षेपण मध्येच थांबून 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी आली की इतर मुले ओरडत. मी मात्र गप्प बसे. काकांच्या पेन्सिलीचे टोक मोडले आहे आणि ते घाईघाईने टोक करीत आहेत, हे मला दिसत असे. एका रविवारी व्यत्यय फारच लांबला. तेव्हा मी माझी नवी पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोक करून पाकिटात घातली, वर 'चित्रकारकाका, दिल्ली' असा पत्ता लिहिला आणि तिकीट न लावता पेटीत टाकली.

हे मी चित्रकलेच्या तासाला बाईंना सांगितले. "बाई, ते काका इतक्या भरभर कसे काढतात?" असा माझा मूळ प्रश्न होता, पेन्सिलीची हकीकत ओघात आली. वर्ग खदाखदा हसला. आपल्या शाळेतील प्रत्येकाच्या वाट्याला असे हसू कधी ना कधी आले असेल. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर गणित मांडले. फितीवर सेकंदाला २४ चौकटी, वीस मिनिटांचे १,२०० सेकंद, म्हणजे २८,८०० चौकटी. "एका माणसाला एका सकाळी जमेल का?" वर्ग एकदम शांत झाला. एकच चित्र दोन-तीन चौकटी टिकवून धरतात, त्यामुळे सेकंदाला आठ चित्रांतही भागते, हे मी पुढे शिकलो. तरी त्या हिशेबाने ९,६०० चित्रे होतातच.

मग त्यांनी माझ्या भूमितीच्या वहीच्या कोपऱ्यांवर एक मटकीचा दाणा काढायला लावला, प्रत्येक पानावर किंचित फुटलेला. पाने अंगठ्याखालून सोडली आणि दाण्याला मोड आला. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी हेच केले होते, असे बाई म्हणाल्या. १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची रोज थोडी थोडी छायाचित्रे घेऊन 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म तयार केली. ती पाहूनच त्यांना भांडवल देणारा माणूस मिळाला. पुढे काड्यापेटीतल्या काड्या नाचवणारी 'आगकाड्यांची मौज' त्यांनी केली. कार्टून परदेशातच होते हा माझा दुसरा समज तिथेच गळाला. आपण सगळे ज्यावर वाढलो ते 'एक अनेक और एकता' १९७४ साली विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केले आणि त्यातली चित्रे भीमसेन यांनी हलती केली, हे तर कितीतरी उशिरा कळले.

आज मागे वळून पाहताना वाटते, माझी चूक केवळ वेगाची आणि संख्येची होती. माणूस होता, हात होता, पेन्सिलही होती. एक काका नव्हते, शेकडो होते, एवढेच. पुढे बेंगळुरूत येऊन मी त्या शेकडोंपैकी एक झालो. एका सशाने पायरी उतरण्याच्या प्रसंगावर मी अकरा दिवस बसलो आहे. पडद्यावर तो तीन सेकंद दिसला.

गेल्या वर्षी आमचा स्टुडिओ बंद झाला. तक्रार करायला मी इथे उभा नाही. या सभागृहात माझ्यासारखे आणखी दोघे-तिघे आहेत. मात्र त्यानंतर घरी घडलेला प्रसंग सांगतो. माझी मुलगी सात वर्षांची आहे. माझी जुनी चित्रे आवरताना तिने विचारले, "बाबा, हे सगळं तू हातानं काढलंस? त्याला सांगितलं नाहीस का?" 'तो' म्हणजे संगणक. कार्टून कुणी काढत नाही, सांगितले की होते, अशी तिची पक्की समजूत आहे. बाईंसारखे गणित मांडून ती दूर करावी म्हणून मी कागद ओढला, आणि थबकलो. आमच्या समजुती मोठेपणी खोट्या ठरल्या. तिची समजूत ती मोठी होण्याआधीच खरी ठरू लागली आहे. तिला मी चूक कोणत्या तोंडाने म्हणू?

शेवटी संपादक मंडळाला एक विनंती. या स्मरणिकेच्या उजव्या हाताच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढी जागा मोकळी ठेवावी. शाळेच्या साठ वर्षांची साठ चित्रे, सेकंदाला बाराच्या हिशेबाने पाच सेकंद. मटकीला मोड येईल, दोन पाने फुटतील. मुलगी आणि मी ती काढायला बसलो आहोत. आतापर्यंत एकतीस झाली. दाण्याचे साल नुकतेच तडकले आहे. परवा रात्री तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "हात दुखतोय बाबा. उरलेली त्याला सांगूया का?"

मी अजून उत्तर दिलेले नाही. छपाईला नेमके किती दिवस आहेत, तेवढे मला आज कळवावे.