चौथा स्वार



आजचा विषय मोटरसायकलींच्या सांघिक जागतिक स्पर्धेचा आहे. साहित्य, इतिहास आणि अर्थकारण ऐकावयास जमणाऱ्या श्रोत्यांपुढे धुरळ्याचा आणि धुराचा हा विषय काय म्हणून आणला, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. परंतु संघ कशाला म्हणावे, आणि एखाद्या देशाचे बळ मोजावयाचे ते कोणाकडे पाहून, हे प्रश्न या खेळाने फार उघडपणे मांडले आहेत. म्हणून आम्ही तो निवडला.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. याला स्पीडवे म्हणतात. सुमारे तीनशे-चारशे मीटर लांबीची लंबगोल धाव असते. वर डांबर नाही. माती, रेती किंवा बारीक खडी पसरलेली असते. चार स्वार एका ओळीत उभे राहतात, समोरच्या आडव्या फिती वर उडतात आणि शर्यत सुटते. डावीकडे वळत चार फेऱ्या पुऱ्या करावयाच्या. सारा खेळ एका मिनिटाच्या आसपास आटोपतो. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याला शून्य.

गाडी मात्र आपण रस्त्यावर पाहतो तशी नसते. इंजिन ५०० सी.सी.चे, एकाच सिलिंडरचे. इंधन पेट्रोल नव्हे, मेथॅनॉल. धावताना बदलावयास गिअर नाहीत. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ब्रेक नाहीत. ब्रेक नसणे हा निष्काळजीपणा नव्हे, तो नियम आहे, आणि त्यामागे विचार आहे. चार गाड्या हातभर अंतराने धावत असता पुढच्याने एकदम ब्रेक दाबला, तर मागच्याने जावे कोठे? कोणालाच एकाएकी थांबता येत नाही, म्हणूनच सर्वांना एकमेकांचा अंदाज बांधता येतो. वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम घसरू देतो. गाडी डावीकडे वळत असते आणि पुढचे चाक उजवीकडे रोखलेले असते. डाव्या बुटाला पोलादी तळ बसवलेला असतो, तो जमिनीला टेकवून तोल सांभाळावयाचा. वेग आवरावयाचा तो या घसरण्याने आणि मुठीतल्या थ्रॉटलने.

ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथे १९२३ साली झालेल्या शर्यतींपासून या खेळाचा आरंभ सांगतात. १९२८ च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या हाय बीच येथे शर्यती झाल्या आणि ब्रिटनला या खेळाने झपाटले. १९३६ साली वेम्बली येथे वैयक्तिक जागतिक अजिंक्यपदाची पहिली अंतिम स्पर्धा झाली, ती ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल व्हॅन प्रागने जिंकली. पण देशादेशांच्या संघांची जागतिक स्पर्धा सुरू व्हावयास १९६० साल उजाडावे लागले.

या सांघिक स्पर्धेची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. अंतिम फेरीत चार देश. प्रत्येक देशाचे चार स्वार आणि एक राखीव. सुरुवातीच्या काळात शर्यती सोळा असत, आणि प्रत्येक शर्यतीत प्रत्येक देशाचा एकच स्वार. म्हणजे एकाच संघाचे दोन स्वार धावेवर कधी एकत्र येतच नाहीत! फुटबॉलमध्ये गडी गड्याला चेंडू देतो, क्रिकेटमध्ये एक फलंदाज दुसऱ्याला साथ देतो. येथे तसे काही नाही. आपला गडी धावत असता बाकीचे तिघे कठड्याशी उभे राहून पाहतात. त्याला हात देता येत नाही, त्याची चूक झाकता येत नाही. मग हा संघ कसला?

उत्तर हिशेबात आहे. एका शर्यतीत सहा गुण वाटले जातात, सोळा शर्यतींत शहाण्णव. आता समजा, एका देशाकडे दोन जगज्जेते आहेत आणि बाकीचे दोघे कच्चे. जगज्जेत्यांनी आपापल्या चारही शर्यती जिंकल्या तरी २४ गुण होतात. कच्च्यांनी शून्ये आणली तर बेरीज तेथेच थांबते. दुसऱ्या देशाकडे जगज्जेता एकही नाही, पण चारही स्वार प्रत्येक वेळी दुसरे येतात. त्यांचे गुण होतात ३२. एकही शर्यत न जिंकता हा देश त्या दोन जगज्जेत्यांच्या देशाला आठ गुणांनी मागे टाकतो. सांघिक स्पर्धा पहिला स्वार किती मोठा हे विचारीत नाही, चौथा किती लहान हे विचारते.

प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. १९६० ची पहिली अंतिम फेरी स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे झाली. स्वीडन ४४, ब्रिटन ३०, चेकोस्लोव्हाकिया १५ आणि पोलंड ७. शेवटून पहिला आलेला हा पोलंड पुढच्याच वर्षी व्रोत्स्वाफ येथे घरच्या धावेवर उतरला. त्या वेळी स्वीडनच्या ओवे फुंडीनसारखा जगज्जेता पोलंडपाशी नव्हता. निकाल लागला तो असा : पोलंड ३२, स्वीडन ३१. एका गुणाचा फरक! सोळा शर्यतींपैकी कोठेतरी शेवटच्या जागेवरून तिसऱ्या जागेवर सरकलेल्या स्वाराचा एक गुणही त्या दिवशी जगज्जेत्याच्या तीन गुणांइतकाच मोलाचा होता.

हा योगायोग म्हणावा, तर पुढचा इतिहास तसे म्हणू देत नाही. पोलंडने १९६१, १९६५, १९६६ आणि १९६९ असे चार वेळा सांघिक अजिंक्यपद मिळवले. पोलंडला पहिला वैयक्तिक जगज्जेता मिळाला तो १९७३ साली, येझी श्चाकेल. दुसरा, तोमाश गोलोब, थेट २०१० साली. मधल्या सदतीस वर्षांत एकही नाही. पण त्याच काळात १९९६, २००५, २००७ आणि २००९ ची सांघिक अजिंक्यपदे पोलंडकडे गेली. आता याच्या उलट न्यूझीलंड पाहा. रॉनी मूर, बॅरी ब्रिग्ज आणि आयव्हन मॉगर या तिघांनी मिळून बारा वैयक्तिक अजिंक्यपदे जिंकली. सांघिक अजिंक्यपद मात्र न्यूझीलंडच्या नावावर एकच, १९७९ चे.

यात न्यूझीलंडचा कमीपणा नाही, हेही सांगितले पाहिजे. सांघिक स्पर्धेच्या पहिल्या काळात ब्रिटनच्या संघातून राष्ट्रकुलातले स्वारही धावत. १९६८ साली आणि १९७१ साली ब्रिटनने अजिंक्यपद मिळवले, तेव्हा मॉगर आणि ब्रिग्ज त्या संघात होते. पुढे हे देश आपापल्या नावाने उतरू लागले. १९७६ साली ऑस्ट्रेलिया जिंकला आणि १९७९ साली लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर न्यूझीलंड. मॉगर त्याच वर्षी सहाव्यांदा जगज्जेता झाला होता. पण व्हाइट सिटीवर त्याच्याबरोबर लॅरी रॉस, मिच शिरा आणि ब्रूस क्रिब होते, म्हणून ते अजिंक्यपद आले. नाहीतर मॉगरने चारही शर्यती जिंकूनही बारा गुणच होतात.

मग पोलंडला चौथा स्वार मिळतो कोठून? १९४८ पासून तेथे क्लबांच्या साखळी स्पर्धा चालू आहेत. लेश्नो, रिबनिक, गोझूफ यांसारख्या गावांना आपापली धाव आहे, आपापला क्लब आहे. साखळीचा नियमच असा की प्रत्येक क्लबाने तरुण स्वारांना उतरवलेच पाहिजे. स्वीडन, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन येथले नामांकित स्वारही पोटासाठी तेथे धावतात. त्यामुळे गावातले पोर आठवड्याला जगज्जेत्याच्या शेजारी उभे राहते. असाधारण बुद्धीचा माणूस कोठेही जन्म घेतो, त्याला देश कारण नसतो. पण चौथा स्वार आपोआप उगवत नाही. त्याला धाव लागते, जुनी गाडी देणारा कोणी लागतो, दुरुस्ती शिकवणारा लागतो, आणि हरला तरी पुढच्या रविवारी पुन्हा उतरवणारा क्लब लागतो.

या खेळाला एक दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८९ च्या सांघिक अंतिम फेरीत, इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे, पहिल्याच शर्यतीत स्वार एकमेकांवर आदळले. तीन वेळा जगज्जेता झालेला डेन्मार्कचा एरिक गुंडरसन जबर जखमी झाला. त्याचे प्राण वाचले, पण त्याचे शर्यतींतले आयुष्य त्या दिवशी संपले. पुढे तो डेन्मार्कच्या संघाचा व्यवस्थापक झाला. त्या दिवशी उरलेल्या डॅनिश स्वारांनी स्पर्धा पुरी केली आणि डेन्मार्क दुसरा आला. ज्यांनी तो अपघात डोळ्यांनी पाहिला, तेच पुन्हा ब्रेक नसलेल्या गाडीवर बसून फितीपाशी उभे राहिले. त्यांना धाडसी म्हणावे की अविचारी, हे आपण ठरवावे. आम्ही एवढेच म्हणू की संघ हा शब्द त्यांच्या बाबतीत पोकळ नव्हता.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. २००१ पासून ही स्पर्धा जागतिक चषक या नावाने होऊ लागली आणि तिच्या करंडकाला फुंडीनचे नाव दिले गेले. २०१७ नंतर ती थांबली. २०१८ पासून तिच्या जागी जोड्यांची स्पर्धा आली : दोन स्वार आणि एकवीस वर्षांखालचा एक राखीव. या बदलाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. चार तोलामोलाचे स्वार उभे करणारे देश थोडे. लॅटव्हिया किंवा फिनलंडसारख्या देशाला एक-दोन चांगले स्वार मिळतात. त्यांनी कायम बाहेरच उभे राहावे काय? शिवाय जोडीत दोघे एकाच शर्यतीत धावतात, एकमेकांना वाट करून देतात. डोळ्यांना दिसणारे सहकार्य ते हेच.

हा पक्ष आम्हांला मान्य आहे, पण अर्धाच. निकाल पाहा. २०१८ ते २०२४ या काळात जोड्यांच्या सहा स्पर्धा झाल्या. रशियाने तीन जिंकल्या, ब्रिटनने दोन, ऑस्ट्रेलियाने एक. पोलंडने एकही नाही. आणि याच काळात पोलंडचा बार्तोश झमार्झलिक पाच वेळा वैयक्तिक जगज्जेता झाला! मध्ये २०२३ साली चार स्वारांचा जागतिक चषक व्रोत्स्वाफ येथे पुन्हा भरला. वीस शर्यती झाल्या. पोलंड ३३, ब्रिटन ३१, डेन्मार्क २९, ऑस्ट्रेलिया २७. चौथा स्वार मोजला जाताच पोलंड पुन्हा पहिला आला.

म्हणून आमचे मत असे की जोड्यांची स्पर्धा लहान देशांसाठी जरूर असावी, पण तिने चौघांच्या स्पर्धेची जागा घेऊ नये. बक्षिसाचा परिणाम तयारीवर होतो. दोघांनाच मोजावयाचे ठरले की क्लबांचे आणि संघटनांचे लक्ष दोघांवरच जाईल. पैसा, गाड्या, सराव सारे त्या दोघांकडे वळेल. गावच्या धावेवर तिसरा-चौथा येणारा मुलगा कोणाच्याच हिशेबात राहणार नाही. मग दहा वर्षांनी ते दोघे थकले म्हणजे त्यांच्या जागी कोणास उभे करणार?

पहिल्या स्वाराचे कौतुक करावयास जग नेहमीच तयार असते, आणि ते त्याने कमावलेलेही असते. पण एका गुणाने जिंकलेले अजिंक्यपद पाहिले म्हणजे विचारावेसे वाटते की तो गुण आणला कोणी. पुष्कळदा तो तिसऱ्या जागेसाठी शेवटच्या वळणापर्यंत झुंजलेल्या, वर्तमानपत्रात नाव न आलेल्या स्वाराने आणलेला असतो. त्याची मोजणी चालू ठेवणारी स्पर्धा टिकावी, एवढीच आमची इच्छा आहे.