परमुलखातील पहिली रात्र



युरोपातल्या शहरात एकट्याने उतरायचे झाले, तर स्वस्त आणि तरीही सुरक्षित जागा कशी निवडावी, हा आजचा विषय वाचून काही मंडळींना हसू आले असेल. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत पथारी टाकायला जागा मिळाली तरी आपण देवीचे आभार मानतो. आम्हां मानोरेकरांना पॅरिसच्या हॉटेलांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे, पण काळ बदलला आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तशाच इतरही योजना आहेत, आणि त्यांचे अर्ज आता तालुक्याच्या गावांतूनही भरले जातात. निवडीचे पत्र येते, घरात पेढे वाटले जातात, आणि रात्री दिवा मालवल्यावर आई हळूच विचारते, "तिथे उतरल्यावर पहिल्या रात्री पोरगी झोपणार कुठे?" विद्यापीठाच्या वसतिगृहाची खोली पुष्कळदा ठरलेल्या तारखेलाच ताब्यात येते. तोवरच्या दोनचार रात्रींचे काय? या प्रश्नाला घरात कोणापाशी उत्तर नसते. मग मुलाला धीर देऊन पाठवतात आणि मुलीला मात्र "पुढच्या वर्षी पाहू" म्हणून थांबवतात. ते पुढचे वर्ष बहुधा येत नाही. म्हणून हा विषय चैनीचा नव्हे. तो शिक्षणाचा आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. सुरक्षितता ही महाग खोलीबरोबर फुकट मिळणारी वस्तू नव्हे, आणि स्वस्त खोलीत ती नसतेच असेही नव्हे. आपल्या भागातील बंजारा समाजाचे पूर्वज बैलांवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत. रात्री उघड्या माळावर मुक्काम, तरी ते निर्धास्त झोपत. कारण माणूस एकटा नसे, तांडा सोबत असे. एकट्या प्रवाशाची अडचण नेमकी हीच की त्याला तांडा नाही. त्याने मुक्कामाच्या जागीच आपला तांडा शोधायचा असतो. आपण कुठे आहोत हे कोणाला ठाऊक आहे, हाक मारली तर कोण ऐकेल, आणि दाराला कडी कशी आहे, या तीन गोष्टींची खात्री करणे म्हणजेच जागेची निवड.

आता प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-भजी मिळण्याचे ठिकाण, आणि झोपायचे ते लॉज. फ्रान्समध्ये घोटाळा निराळाच. पॅरिसमध्ये 'ओतेल द व्हिल' अशी पाटी दिसली, तर ते उतरण्याचे ठिकाण नव्हे. ती तिथली नगरपालिका! आणि 'ओतेल द्यू' हे तर रुग्णालय. उतरण्यासाठी साधारण तीन पायऱ्या ध्यानात ठेवाव्या. स्वतंत्र खोलीचे ते हॉटेल. घरगुती धर्तीवर चालवलेली, न्याहारीसह राहण्याची जागा म्हणजे पेन्शन. निवृत्तिवेतनाशी तिचा संबंध नाही. आणि एका खोलीत चार, सहा वा अधिक खाटा, त्यांतली एक आपली, ते हॉस्टेल.

या हॉस्टेलची जन्मकथा शिक्षकाची आहे. रिचर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक 1909 साली मुलांना घेऊन पायी सहलीस निघाले असता वादळाने गाठले. एका शाळेत गवताच्या अंथरुणावर रात्र काढावी लागली. सुट्टीत सर्व शाळा रिकाम्याच असतात, मग फिरत्या मुलांना तिथे निवारा का मिळू नये, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि 1912 साली आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात पहिले कायम युवा-वसतिगृह उघडले. पुढे ही चळवळ जगभर पसरली. आपल्या देशातही तिची संस्था आहे. आमच्या वऱ्हाडाला ही कल्पना परकी वाटू नये. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगे महाराज स्वतः उघड्यावर झोपले आणि परक्या माणसांसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधत गेले. तेव्हा हॉस्टेल म्हणजे कमीपणा, असे कोणी मनात आणू नये.

पूर्वीचे लोक काय करीत? ते ओळखीचा पत्ता घेऊन निघत. आनंदीबाई जोशी 1883 साली अठराव्या वर्षी पतीवाचून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा पलीकडे कार्पेंटरबाई उभ्या होत्या. दोघींची ओळख आधी पत्रांतून झाली होती. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या वाँटेज येथील भगिनींच्या मठात उतरल्या. उलट गांधीजी 1888 साली लंडनच्या व्हिक्टोरिया हॉटेलात उतरले आणि तीन पौंडांचे बिल पाहून हादरले. जेवण गळ्याखाली उतरत नव्हते ते निराळेच. तेव्हा महागडे हॉटेल हा एकट्याचा आधार नव्हे, हा अनुभव जुना आहे. पुढे संस्था निघाल्या. लंडनला भारतीय विद्यार्थ्यांसाठी वाय.एम.सी.ए.चे वसतिगृह 1920 पासून आहे, आणि महाराष्ट्र मंडळ 1932 पासून. जिथे जायचे तिथे अशी संस्था आहे का, याचा शोध आधी घ्यावा.

पण जागा मिळणे हा केवळ पैशाचा प्रश्न कधीच नव्हता, हेही सांगितले पाहिजे. न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी कसेबसे दिवस काढले, आणि अखेर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. परदेशही निर्मळ नव्हता. वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना 1943 साली लंडनमधील एका मोठ्या हॉटेलाने वर्णावरून अडवले. त्यांनी फिर्याद केली आणि 1944 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. हॉटेलांत वर्णावरून प्रवेश नाकारण्यास ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी झाली ती 1965 साली. बाबासाहेब 1921-22 मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेऊन स्मारक केले. आज कायदा पाठीशी आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. तोंड चुकवून दार शोधण्याचे दिवस गेले.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू.

पहिली गोष्ट ठिकाण. स्वस्त खोल्यांची गर्दी मोठ्या रेल्वे स्टेशनच्या आसपास असते. अकोल्याच्या स्टेशनाबाहेरही लॉजच लॉज आहेत, तसेच तिकडे. सगळे स्टेशन-परिसर वाईट नसतात. परंतु फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनासमोरील वस्ती नशेच्या आणि देहविक्रयाच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. मग शहराच्या पार टोकाला जावे काय? तेही नको. दिवसाचे चार पैसे वाचतात आणि रात्री निर्मनुष्य रस्त्यावरून चालावे लागते. स्टेशनापासून ट्राम किंवा मेट्रोने दोनतीन थांबे दूर, आणि थांब्यापासून पाचसात मिनिटांच्या पायवाटेवर, जिथे बिऱ्हाडे आहेत, किराणा आहे, औषधाचे दुकान आहे, अशी वस्ती उत्तम. पत्ता वाचायला शिकावे. पॅरिसचे वीस विभाग मध्यापासून गोगलगायीच्या शंखासारखे बाहेर फिरत जातात, आणि पिनकोडचे शेवटचे दोन आकडे विभाग सांगतात. 75010 म्हणजे दहावा विभाग, उत्तर आणि पूर्व ही दोन्ही मोठी स्टेशने असलेला. आता नकाशात रस्त्याचे चित्रही घरबसल्या दिसते. ते उघडून थांब्यापासून दारापर्यंत एकदा चालून पाहावे, आणि आईलाही शेजारी बसवून चालवावे. तिची अर्धी धास्ती तिथेच उतरते.

दुसरी गोष्ट वेळ. उजेडी पोहोचावे. मात्र तिकडचा उजेड आपल्या घड्याळाने मोजू नये. डिसेंबरात बर्लिनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. लहान हॉटेलांचे काउंटर रात्री बंद होते आणि दार आकडे दाबून उघडावे लागते. म्हणून चोवीस तास काउंटरवर माणूस असतो काय, हे आधी लिहून विचारावे आणि लेखी उत्तर घ्यावे. पहिल्या रात्रीपुरते तरी माणूस असलेलेच ठिकाण धरावे.

तिसरी गोष्ट दार. खोलीत शिरताच सामान उघडण्यापूर्वी आतली कडी लावून पाहावी, खिडकी लागते का पाहावे, आणि आग लागली तर जिना कुठे आहे हे चालत जाऊन पाहावे. कडी लागत नसेल तर संकोच न करता खोली बदलून मागावी. हॉस्टेलात केवळ स्त्रियांसाठी राखलेल्या खोल्या पुष्कळ ठिकाणी असतात; त्या मागून घ्याव्या. लॉकर असला तरी कुलूप आपलेच न्यावे. खोलीचा क्रमांक काउंटरवर मोठ्याने सांगितला गेला, तर दुसरी खोली मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

चौथी गोष्ट कागद आणि पैसा. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा लागतो. व्हिसा मिळेपर्यंत रद्द करता येईल असेच आरक्षण करावे. परत न मिळणाऱ्या पैशाचे आरक्षण स्वस्त दिसते, पण व्हिसा नाकारला तर ते सर्वांत महाग ठरते. अनेक शहरांत खोलीच्या भाड्यावर शहरकर निराळा असतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये 2024 पासून तो भाड्याच्या साडेबारा टक्के आहे. हिशेब करताना तो धरावा. काउंटरवर पासपोर्ट मागतात, नोंद करतात. ते कायद्याने आवश्यक आहे. आपल्याकडेही परदेशी पाहुण्याची माहिती लॉजवाल्याला सरकारला कळवावी लागतेच. नोंद होऊ द्यावी, पण पासपोर्ट ठेवून घेऊ देऊ नये. आणि आरक्षण झाल्यावर "पैसे पोहोचले नाहीत, या दुव्यावर पुन्हा भरा" असा निरोप आला, तर तो हॉटेलच्या नावाने आला तरी भरू नये. हॉटेलला फोन करून विचारावे. तसेच टॅक्सीवाला "ते हॉटेल बंद झाले, दुसरे दाखवतो" म्हणाला, तर आधी आपल्याच दारापर्यंत न्यायला सांगावे.

पाचवी गोष्ट लोकांचे अभिप्राय. पूर्वी ओळखीचा पत्ता होता. आज अनोळखी माणसांची मते छापून येतात. ती लग्नाच्या स्थळाची चौकशी करावी तशी वाचावी. फार गोड बोलणाऱ्याचे ऐकू नये, फार चिडलेल्याचेही नको. मधले अभिप्राय, तेही गेल्या काही महिन्यांतले, आणि त्यांत एकट्या राहिलेल्या स्त्रियांचे, आधी वाचावे. न्याहारी निकृष्ट, खोली लहान, जिना उंच, या तक्रारी सोडून द्याव्या. कुलूप, चोरी, रात्रीचा रस्ता, नोकरांचे वागणे, यांबद्दल दोघांनी तेच लिहिले असेल तर ती जागा सोडावी.

यातून काटकसरीचे सूत्र निघते. काटकसर सुखसोयींत करावी. स्नानगृह सामाईक चालेल, खाट अरुंद चालेल, खिडकीतून नदी दिसली नाही तरी चालेल. परंतु कडी, काउंटरवरचा माणूस आणि उजेडाचा रस्ता यांत पैसा वाचवू नये.

आणि शेवटी घरच्यांसाठी. पत्ता, फोन आणि आरक्षणाचा कागद यांची एक प्रत घरी भिंतीवर लावावी. खोलीत पोहोचल्याचा एक निरोप, एवढेच मागावे. दर तासाला फोन करून पोरीला रस्त्यात थांबवू नये. सर्व युरोपीय संघात संकटसमयी 112 हा एकच क्रमांक चालतो, आणि तो आता आपल्याही देशात आहे. एवढी तयारी झाली की एकटी गेलेली मुलगी एकटी राहत नाही. तिचा तांडा काउंटरपासून मानोऱ्यापर्यंत पसरलेला असतो. ज्या घरात उद्या असे पत्र येईल, त्या घराने "झोपणार कुठे" हा प्रश्न जरूर विचारावा. मात्र तो तिला थांबवण्यासाठी न विचारता, तिच्या शेजारी बसून उत्तर शोधण्यासाठी विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.