उथळ पाण्यातील मौन
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त टी. नगर येथे दिलेले व्याख्यान)



माशांच्या पारधीविषयी बोलण्यास टी. नगरइतके विसंगत स्थळ दुसरे नाही, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. रंगनाथन स्ट्रीटवरील गर्दीत माणसाला माणूस दिसत नाही, तेथे मासा कोठून दिसावा? परंतु शंभर वर्षांपूर्वी ह्या भागातील बरीचशी भूमी पाण्याखाली होती. मांबलमचा तो लांबलचक तलाव १९२३ च्या सुमारास आटवण्यास आरंभ झाला, त्या जागी वसाहत उभी राहिली आणि जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव तिला मिळाले. तेव्हा आज आपण माशांच्या जुन्या वाड्यात बसूनच त्यांच्याविषयी बोलत आहोत!

आमचा विषय मासेमारीच्या एका शांत प्रकाराचा आहे. किनाऱ्यालगतच्या कमरेइतक्या पाण्यात लहानशा होडीतून निःशब्द जायचे, मासा डोळ्यांनी शोधायचा आणि त्याला चाहूल लागण्यापूर्वी गळ त्याच्या पुढ्यात टाकायचा. आजकाल हे कयाकमधून करतात. कयाक ही ग्रीनलंडकडील इनुइट लोकांची होडी. सीलसारख्या सावध प्राण्याजवळ आवाज न करता पोहोचता यावे म्हणून त्यांनी ती कातड्याची व अरुंद केली. आता ती प्लॅस्टिकची झाली, पण तिचा स्वभाव बदललेला नाही.

आपल्याकडे ही विद्या नवी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, गळ व दोर यांचा विचार राजाने राज्यकारभाराइतक्याच गांभीर्याने केला आहे. आम्हां सरकारी नोकरांना ह्या दाखल्याने मोठा धीर येतो. आणि ह्या किनाऱ्याचे कट्टुमरम तर आपल्या नित्य परिचयाचे. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे, ‘मरम’ म्हणजे लाकूड. काही ओंडके दोरांनी बांधले की झाली नौका. विल्यम डॅम्पियर याने १६९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तिची नोंद केली. पुढे पाश्चात्यांनी हा शब्द उचलला आणि दोन सांगाड्यांच्या निराळ्याच नौकेला देऊन टाकला! कट्टुमरमवरचा माणूस पाण्याच्या पातळीला लागून बसतो, आणि ह्याच एका गुणात ते कयाकचे सख्खे भावंड आहे.

खाली बसण्याचे महत्त्व काय? आम्ही कला शाखेचे पदवीधर, त्यामुळे हे प्रकाशशास्त्र आम्हांला पन्नाशीत शिकावे लागले. माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. क्षितिजालगतच्या वस्तू त्या खिडकीच्या कडेला चेपल्या जातात. उभा माणूस त्यात ठळक दिसतो, पाण्यालगत बसलेला जवळजवळ दिसत नाही. आपल्यालाही पाणी फसवते. सरळ खाली पाहिले तर चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर भासतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. शिवाय माशाच्या अंगावरील पार्श्वरेषेला पाण्याचा किंचितसा हेलकावाही जाणवतो. थोडक्यात, होडीवर वल्हे आपटले की आपण आपल्या नावाची पाटी घेऊनच माशाच्या दारात उभे राहतो.

हे सारे पुस्तकी ज्ञान. खरी दीक्षा आम्हांला त्याच्याही आधी, मालवणजवळ कर्ली खाडीच्या काठी मिळाली. आमचे एक चुलते पाग टाकीत. ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात ते काठीसारखे उभे राहात. पाण्यावर बोईट माशांच्या थव्याची बारीक थरथर उमटली की खांद्यावरचा पाग फुलासारखा उमलून पडे. आम्ही बालसुलभ उत्साहाने काही विचारू लागलो, की ते मागे न पाहता म्हणत, “गप रव. पाणी आयकता.” उतारवयात मोतीबिंदूने त्यांची नजर मंदावली. तरीही ते काठावर येऊन बसत आणि पाणी कोठे फुटले ते ऐकून माशाचे नाव सांगत. पाग मात्र त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही. न दिसणाऱ्या माशावर जाळे टाकणे त्यांना अन्याय्य वाटे.

बदलीने आम्हांला चेन्नईस आणले. येथला समुद्र निराळा. कोकणात भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरांहून अधिक, येथे जेमतेम एक. मरीनावर लाटांचा मारा असा, की उथळ पाण्यातला मासा दिसणे कठीण. म्हणून एका माघी सकाळी आम्ही मुट्टुकाडूच्या खाजणात गेलो. तरुणपणी कोवळमच्या किनाऱ्यावरून कट्टुमरम घालणारे एक वृद्ध कोळी कयाकमध्ये पुढे बसले, आम्ही मागे. सूर्य पाठीशी होता. आपली सावली माशावर पडणार नाही, अशा बेताने त्यांनी दिशा धरली होती. वाळूच्या दांड्याजवळ त्यांनी हात वर केला. आम्हांला केवळ चकाकी दिसली. चिरंजीवांकडून मागून आणलेला, पाण्यावरची चमक मारणारा चष्मा चढवला आणि एक लांबट करडी छाया स्पष्ट झाली. तो कोडुवा होता, म्हणजे आपल्या रायगडकडचा जिताडा! प्रवाहाकडे तोंड करून तो भक्ष्याची वाट पाहात होता. आनंदाच्या भरात आम्ही वल्हे कडेवर टेकवले. ‘टक्’ एवढाच आवाज झाला, आणि वाळूवर नुसता गढूळ ढग उरला. वृद्ध गृहस्थ रागावले नाहीत. मागे न पाहताच म्हणाले, “सत्तम् पोडादींग, सार.” आवाज करू नका, साहेब! चाळीस वर्षांनी आमच्या चुलत्यांचे तेच वाक्य तमिळमध्ये आमच्या कानी पडले. परमुलखात आल्याची जी हुरहूर बदलीपासून मनात होती, ती त्या क्षणी ओसरली.

परंतु ही कथा आमच्या छंदापाशी संपत नाही. एन्नोरच्या खाडीत आणि पुलिकतच्या सरोवरात इरुळर समाजाचे स्त्रीपुरुष दातांत ताडपात्याची टोपली धरून, चिखलात हात घालून कोळंबी वेचतात. पुलिकतची सरासरी खोली जेमतेम एक मीटर, आणि ह्या मंडळींचे सारे यंत्र म्हणजे दहा बोटे. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुरानंतर एन्नोरच्या खाडीत तेल पसरले. होड्या, जाळी, तिवरांची मुळे काळी पडली व मासेमारी ठप्प झाली. पाणी काळे झाले तर आमच्यासारख्यांचा एक रविवार वाया जातो, त्यांच्या घरची चूल विझते. डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर फायबरच्या यांत्रिक नौका फार वाढल्या आणि कट्टुमरमही मागे पडत चालले. बदल अटळ आहे आणि यंत्राने कोळ्याचे कष्ट हलके केले, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र उथळ पाणी हे समुद्राचे पाळणाघर आहे. बोईट, जिताडा, कोळंबी यांची पिले तेथेच वाढतात. त्या पाळणाघरात कसे वागावे याचे भान ज्यांच्या बोटांना व डोळ्यांना आहे, ते लोक उठून गेले तर ते भान कोठल्या दप्तरात सापडणार?

म्हणून मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात सत्कार व स्नेहभोजने होतीलच. एखाद्या हिवाळी सकाळी, रोहित पक्षी आलेले असताना, आपल्या मुलांना पुलिकतला न्यावे. गळ नेऊ नये, फक्त डोळे न्यावेत. तासभर गप्प बसून पाण्याकडे पाहावे. तमिळ येत नसले तरी चालेल, कारण तेथे उपयोगी पडणारी भाषा मौनाची आहे आणि ती आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर सारखीच बोलली जाते.

आपण इतका वेळ आवाज न करता ऐकलेत. उत्तम पारध्याचा पहिला गुण आपल्या अंगी आहे, हे आज सिद्ध झाले!