वाकळ आणि हक्काची दुपार

(महिला कार्यकर्त्यांच्या उन्हाळी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'उन्हाळ्यात वाकळ शिवण्याचा छंद' असा विषय वाचून सकाळीच दोघीतिघींनी मला गाठलं. म्हणाल्या, "ताई, काल हिंसाचारावर बोललो, आज रेशनवर बोलायचंय, मध्येच हे शिवणकाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी श्रोत्यांत असते, तर मीच तो विचारला असता.

माझ्या शाळेत मुलींना शिवण होतं आणि मुलांना त्या तासाला मैदान होतं. काजं, बटणं, धावदोरा शिकताना खिडकीतून मुलांचा आरडाओरडा ऐकू यायचा. तेव्हाच सुईचा राग आला. पुढे 1980 साली मथुरा प्रकरणातल्या निकालाविरुद्ध देशभर मोर्चे निघाले, तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आमच्या गटात आम्ही ठरवूनच टाकलं होतं, की भरतकाम, विणकाम, रांगोळी ही सगळी बाईला घरात बसवून ठेवण्याची साधनं आहेत. त्यात तथ्य होतं, आजही आहे. पण एक गोष्ट आम्ही तेव्हा पाहिली नाही. ती माझ्या घरातच होती.

माझी आई सोलापुरात विड्या वळायची. हजार विड्यांमागे मजुरी. पानं भिजवा, कापा, वळा, कारखान्यात नेऊन द्या. तिथे वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जायचे. तिचा सगळा दिवस मोजलेला होता. आणि अशी ही बाई दर उन्हाळ्यात, चैत्र लागला की एक वाकळ घालायला घ्यायची. दुपारी बाहेर डोळे उघडवत नसत, पत्रा तापलेला, आणि ही मांडीवर कापडांचे थर घेऊन बसलेली. मी एकदा चिडून म्हटलं, "आई, अगं सोलापुरात राहतो आपण. चादरींचं गाव हे. घे की एक विकत. या उकाड्यात कशाला घाम गाळतेस?" मान वर न करता ती म्हणाली, "विड्या मोजून घेतात. हे कुणी मोजत नाही, म्हणून करते."

मला ते कळलं नाही. मी पत्रकं वाटायला निघून गेले.

1994 साली आई गेली. तिची नऊ लुगडी मी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. तो डबा अजून आहे. लुगडी असती तर, असं आज वाटतं, पण ते असो.

निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात ट्रंक आवरताना आईची एक वाकळ हाती आली. वरचा थर विरलेला होता. दुरुस्त करावी म्हणून उसवायला बसले. खाली वडिलांचं धोतर निघालं. त्याखाली माझ्या शाळेच्या निळ्या परकराचे तुकडे. आणि त्याच्याही आत एक आणखी जुनी, पातळ झालेली वाकळ, बहुधा आजीची. जुनीवर नवी चढवायची ही आपल्याकडची रीतच आहे. टाके पाहत गेले. काही ओळी बारीक, सरळ. काही ठिकाणी टाके लांब, घाईचे. माल द्यायचा दिवस जवळ आला असावा. त्या दिवसापासून मी वाकळ शिवते आहे.

आता उन्हाळ्यातच का, हे सांगते. आपल्याकडे हे काम मुळी उन्हाळ्याचंच आहे. सुगी झालेली असते, पेरणीला अवकाश असतो. जुनी कापडं धुतली की एका दुपारीत खणखणीत वाळतात. आत ओल राहिली तर वाकळीला कुबट वास येतो. आणि मृगाचा पाऊस पडायच्या आत पांघरूण तयार हवं असतं.

पण उकाड्यात वाकळ मांडीवर घ्यायची म्हणजे शिक्षाच, असं तुम्ही म्हणाल. त्यालाही बायकांनी युक्त्या काढल्यात. थर पसरायचं आणि लांब टाक्यांनी टाचून घ्यायचं काम पहाटे, फरशी गार असताना करावं. शिवताना वाकळ मांडीवर न घेता चटईवर पसरावी आणि कडेपासून आत शिवत जावं. मग हातापुढचा भाग तेवढा उचलायचा. घामाने सुई निसटते आणि गंजते, म्हणून शेजारी कोरडं फडकं ठेवावं आणि उठताना सुई पुसून ठेवावी. बोटात अंगुस्तान घालावं. कापड सुतीच निवडावं. नायलॉनच्या साड्यांची वाकळ दिसते चकचकीत, पण अंगाला चिकटते आणि थर एकमेकांवरून सरकतात. पहिल्या वर्षी मोठी वाकळ घेऊच नये. बाळाचं दुपटं घ्यावं. आठवड्यात होतं आणि हुरूप येतो.

आमच्या शेजारच्या अक्का कर्नाटकातल्या. त्या हिला कौदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका अशाच गोधडीला कवंदी म्हणतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, असं त्या मानतात. पांघरुणाला कोपऱ्यातल्या फुलाचा काय उपयोग? काही नाही. तरी ती हवीच असतात. मला वाटतं, आईचं म्हणणं हेच होतं.

आता मुद्द्यावर येते. उन्हाळा म्हणजे सुट्टी, असं आपण म्हणतो. कुणाची सुट्टी? पोरं घरी, पाहुणे घरी. कुरडया, पापड, सांडगे, वर्षाचं तिखट, लोणचं. नळाला पाणी येईल तेव्हा उठायचं. केंद्र सरकारने 2019 साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवताना आढळल्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं. आणि मुळात असं काम करणारे पुरुष होते शंभरातले सव्वीस.

मी दुपारी दोन ते चार वाकळ घेऊन बसायला लागले, तेव्हा घरातले म्हणाले, "वेळ आहेच तर साबुदाण्याच्या चकल्या तरी घाल." बघा हं, मी पेपर वाचत बसले असते तरी तेच म्हटलं असतं. बाईचा मोकळा वेळ म्हणजे जणू सार्वजनिक नळ, ज्याला हवं त्याने यावं आणि घागर लावावी. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आईने वाकळीच्या आडून दोन तास राखले होते. हातात सुई दिसली की कुणी 'रिकामी बसलीय' म्हणत नव्हतं. तिला आडोसा घ्यावा लागला. मी आडोसा न घेता सांगितलं, "हे काम नाही. मला आवडतं म्हणून मी हे करते. चारनंतर बोला." हे वाक्य म्हणायला मला वयाची अठ्ठावन्न वर्षं लागली.

पण इथे दुसरा सापळा आहे, तोही सांगायला हवा. दोन वर्षांनी मोठ्या शहरातला एक दुकानदार माझ्याकडे आला. वाकळ बघून म्हणाला, दहा करून द्या, एकीचे सातशे रुपये देतो. मी हिशेब केला. एका वाकळीला माझे साधारण साठ तास जातात. म्हणजे तासाला बारा रुपयेही नाहीत. तसं म्हटलं, तर हसून म्हणाला, "पण तुम्ही तर आवडीनं करता ना!"

मैत्रिणींनो, हे वाक्य नीट ऐका. घरात आवड म्हटलं तर वेळ नाही, आणि बाजारात आवड म्हटलं तर दाम नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, विल्कॉक्स परगण्यात, 1966 साली नागरी हक्कांच्या चळवळीतून काळ्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. त्याच भागातल्या गीज बेंड गावच्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या. आणि 2007 साली तिथल्याच काही जणींना आपला वाटा मिळाला नाही म्हणून कोर्टात जावं लागलं. पुढच्या वर्षी ते प्रकरण मिटलं. भिंतीवर लावण्याइतकं कौतुक झालं, तरी हिशेब मागावाच लागतो.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. जी वाकळ विकायची, तिचे तास लिहायचे आणि पूर्ण मजुरी मागायची. तिथे आवडीचा विषय काढायचा नाही. जी माझ्यासाठी, तिचे तास कुणाला विचारू द्यायचे नाहीत. दुकानदाराला मी नाही म्हटलं. आमच्या वस्तीतल्या ज्या तिघींना पैशांची गरज आहे, त्या आता तासांचा हिशेब मांडूनच भाव सांगतात. गिऱ्हाइकं कमी मिळतात, हे खरं आहे. पण दर त्या ठरवतात.

आणि हो, माझा नातू नऊ वर्षांचा आहे. या मेमध्ये त्याने धावदोरा शिकून घेतला. टाके वाकडे आहेत. मी उसवले नाहीत.

तेव्हा सकाळच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. हिंसाचार थांबावा, रेशन मिळावं, मजुरी मिळावी, हे आपण मागतोच. ते मिळाल्यावर बाईने जगायचं कशासाठी, हेही आपणच सांगायला हवं. वाकळच शिवा असं मी म्हणत नाही. कुणाला गावंसं वाटेल, कुणाला नुसतं निजावंसं वाटेल. पण दुपारचे दोन तास आपले म्हणा, आणि मोठ्याने म्हणा.

आज दुपारी दोन वाजता बाहेरच्या लिंबाखाली मी चटई टाकणार आहे. तुमच्या पिशवीत एखादा सुती तुकडा असेल तर घेऊन या. नसेल तर तशाच या.